गुण निरीक्षणाला की भाषेला?

विज्ञानाच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार भाग असतात. पहिले दोन फळ्यावरून उतरवले जातात, ते ठीकच. पण बहुतेक वर्गांत निरीक्षणही फळ्यावरूनच उतरतं. 'निळा लिटमस कागद तांबडा झाला' हे वाक्य अख्ख्या वर्गाच्या वह्यांत जसंच्या तसं सापडतं, मग कागद प्रत्यक्ष हाती आलेला असो वा नसो. ज्याला विज्ञानाचा पाया म्हणायचं त्यालाच गुण देण्याची नीट रीत शाळेपाशी नाही, ही तक्रार जुनी आहे. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या कर्नाटकातल्या सीमापट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांना ती जितकी लागू आहे, तितकीच सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागल-गडहिंग्लजलाही.

अलीकडच्या काळात या तक्रारीचं उत्तर एका अनपेक्षित दिशेनं शोधलं जातंय. मूल संगणकावरच्या खेळात शिरतं, तिथल्या जगात हिंडतं, जे दिसलं किंवा मोजलं ते जागच्या जागी टिपून ठेवतं. ती टिपणं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली वाचते आणि हे नुसतं वर्णन आहे, तुलना आहे की कारणाचा अंदाज आहे, हे ठरवते. हे संशोधन मुख्यतः अमेरिकेत आणि इंग्रजीत झालं. बेळगाव-निपाणी भागाच्या अंगानं ते पाहिलं, की इंग्रजी शाळांत कडेला राहणारा एक प्रश्न मधोमध येऊन उभा राहतो: यंत्र मुलाचं निरीक्षण तपासतं की त्याची भाषा? हा आढावा त्याच रोखानं घेतला आहे.

निरीक्षणाला गुण देण्याचे जुने प्रयत्न

निरीक्षण म्हणजे डोळे उघडे ठेवून पाहणं, ही व्याख्या शिक्षणशास्त्राला फार पूर्वीच अपुरी वाटू लागली. तत्त्वज्ञ नॉरवुड हॅन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलं, की पाहणं हे पाहणाऱ्याच्या आधीच्या समजुतीनं घडतं. एकच दृश्य दोन जाणकारांना वेगवेगळं दिसू शकतं. कॅथरिन एबरबाख आणि केविन क्राउली यांनी २००९ मध्ये हा धागा मुलांच्या शिक्षणापर्यंत आणला. रोजच्या पाहण्याचं वैज्ञानिक निरीक्षण व्हायचं तर विषयाची माहिती लागते, काय दिसेल याची काही अपेक्षा लागते, नोंदीची सवय लागते आणि चिकाटीही लागते. निपाणीच्या शिवारात वाढलेलं मूल तंबाखूचं पान चाचपून ते किती वाळलंय हे सांगू शकतं. तेच मूल सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा काप पाहताना गोंधळतं. त्याची नजर कमी पडत नाही. काय पाहायचं हे तिथं त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं.

मग अशा निरीक्षणाला गुण द्यायचे कसे? भारतात याचं सर्वांत धाडसी उत्तर मध्य प्रदेशात दिलं गेलं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे एकलव्य संस्थेनं तो शेकडो शाळांपर्यंत नेला. त्यात 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं प्रयोगांभोवती रचलेली होती, लेखी परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी व्हायची. पाठ केलेल्या वाक्याला तिथं किंमत उरली नव्हती. २००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या इतिहासातून एक गोष्ट मात्र ठळक दिसते. मुलांचं निरीक्षण माणसं तपासू शकतात, पण त्यासाठी शिक्षकांना एकत्र बसून उत्तरं वाचावी लागतात, वाद घालावे लागतात आणि निकष पुन्हा पुन्हा घासून घ्यावे लागतात. निरीक्षणाच्या मूल्यमापनाची खरी किंमत ही मेहनत आहे.

महाराष्ट्रात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९७४ पासून शाळकरी विज्ञानावर संशोधन केलं. जयश्री रामदास यांच्या पुढाकारानं तयार झालेली 'स्मॉल सायन्स' ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमाला तर पाहण्या-करण्यावरच उभी आहे. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीची बालवैज्ञानिक स्पर्धाही लेखी परीक्षेवर थांबत नाही, पुढच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक आणि प्रकल्प येतात. तिथवर पोचतात ती मात्र मोजकी, निवडलेली मुलं.

कर्नाटकातल्या शाळांत वर्षभरात चार एफए (आकारिक मूल्यमापनं) आणि दोन एसए (संकलित मूल्यमापनं) होतात. दहावीच्या विज्ञानाचे ८० गुण लेखी परीक्षेचे असतात आणि २० अंतर्गत. मुलानं केलेली कृती, प्रकल्प, नोंदी यांना वाव मिळालाच तर त्या एफएच्या गुणांत मिळतो. हे गुण शिक्षकाच्या हातात असतात, आणि त्याच शिक्षकाच्या गळ्यात इतरही दहा कामं असतात. यंत्राच्या मदतीचा विचार सुरू होतो तो इथून.

खेळ परीक्षागृह कसा झाला

खेळातून विज्ञान शिकवण्याचा विचार माइनक्राफ्ट या गाजलेल्या संगणकी खेळाच्याही आधीचा. हार्वर्ड विद्यापीठात क्रिस डीड आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला 'रिव्हर सिटी' नावाचं संगणकी गाव उभं केलं. एकोणिसाव्या शतकातल्या या गावात लोक आजारी पडतात. मुलांनी गल्लोगल्ली फिरून, पाणी तपासून, लोकांशी बोलून कारण शोधायचं. त्याच विद्यापीठात जोडी क्लार्क-मिदुरा यांच्या गटानं पुढे अशा जगाचा थेट परीक्षेसाठी वापर केला. एका कामगिरीत मुलांना सहा पायांचा बेडूक दिसतो आणि तो असा का झाला याचा पुरावा गोळा करायचा असतो. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीनं २०१५ मध्ये विज्ञानाच्या भागात संगणकावरचे आभासी प्रयोग घेतले, तेव्हा ही कल्पना प्रयोगशाळेतून मोठ्या परीक्षांपर्यंत पोचली.

या सगळ्यामागचा सैद्धांतिक आधार रॉबर्ट मिस्लेव्ही आणि सहकाऱ्यांनी बांधला. मुलाबद्दल काय दावा करायचा आहे, त्याला कोणता पुरावा लागेल आणि तो पुरावा कोणत्या कामातून मिळेल, हे परीक्षा रचण्याआधीच ठरवायचं, अशी ती रीत. फ्लोरिडातल्या व्हॅलरी शूट यांनी ती खेळांना लावली. त्यांच्या 'फिजिक्स प्लेग्राउंड'मध्ये मूल पडद्यावर उतरणी, तरफा, लंबक काढून चेंडू फुग्यापर्यंत नेतं आणि खेळता खेळता त्याची पदार्थविज्ञानाची समज मोजली जाते, तीही परीक्षा चाललीय असं त्याला न जाणवता. २०१३ मध्ये आलेल्या 'सिमसिटी-ईडीयू'त मुलांनी शहराचं प्रदूषण आणि नोकऱ्या यांचा मेळ घालायचा होता. त्यांच्या प्रत्येक निर्णयाची नोंद संख्याशास्त्राच्या आधारे वाचली जायची.

या खेळांत तपासली जाते ती कृती: मुलानं कोणतं बटण दाबलं, काय आधी केलं, काय नंतर. मुलाचं स्वतःचं वाक्य यात जवळजवळ नाहीच. ते मध्यभागी आणलं इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रकल्पानं.

चंद्र नसलेली पृथ्वी

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात चॅड लेन यांच्या गटानं 'व्हॉट-इफ हायपोथेटिकल इम्प्लिमेंटेशन्स इन माइनक्राफ्ट' हा प्रकल्प उभारला. माइनक्राफ्ट २०११ मध्ये पूर्ण रूपात आला आणि जगभरच्या मुलांना तोंडपाठ झाला. या गटानं त्याच खेळात निराळ्या पृथ्व्या रचल्या: चंद्र नसलेली, थंड सूर्याभोवती फिरणारी, आस खूप कललेली. दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची जगंही त्यात आहेत. मूल तिथं उतरतं, तापमान, हवेचा दाब, प्राणवायू अशा गोष्टी मोजण्याची साधनं वापरतं आणि आपलं निरीक्षण टंकतं. ते वाक्य त्याच जागी हवेत तरंगत राहतं आणि मागून येणाऱ्या मुलांनाही दिसतं.

यामागचं विज्ञान ठोस आहे. खगोलशास्त्रज्ञ नील कॉमिन्स यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात चंद्राविना पृथ्वी कशी असती याचा विचार केला होता. भरती-ओहोटीच्या घर्षणानं चंद्र पृथ्वीचं फिरणं मंदावत आला आहे. तो नसता तर दिवस जेमतेम आठ तासांचा राहिला असता, वारे भयंकर असते, आणि भरती-ओहोटी केवळ सूर्यामुळे येणारी, आजच्याहून बरीच लहान असती. मुलाला हे कुणी आधी सांगत नाही. त्याला बुटकी झाडं, जोराचा वारा, चांदणं नसलेली रात्र दिसते आणि काय टिपायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं असतं. प्रयोगवहीतल्या निरीक्षणाच्या रकान्याला जे जमलं नाही ते इथं निदान शक्य होतं: उत्तर फळ्यावर नसतं.

या टिपणांचे प्रकार गटानं ठरवले: दिसलेल्याचं वर्णन, पृथ्वीशी किंवा दुसऱ्या जागेशी तुलना, ओळखीच्या गोष्टीशी सादृश्य, आणि कारणाचं अनुमान. मुलानं कोणत्या प्रकारची किती टिपणं केली, यावरून ते नुसतं हिंडतंय की विचारही करतंय, याचा अंदाज येतो. पुढची पायरी स्वाभाविक होती. हजारो टिपणं हातानं वर्गात टाकण्यापेक्षा यंत्राला ते शिकवायचं आणि मूल खेळत असतानाच त्याला 'कारणही लिहून पाहा' असं सुचवायचं. मनिलातल्या अटेनिओ विद्यापीठात मर्सिडीझ रोद्रिगो यांच्या गटानं हा खेळ फिलिपिन्सच्या शाळांत नेला आणि तिथल्या शिक्षकांबरोबर अभ्यासक्रमाला जुळणारे पाठ बसवले. आपल्याला हा भाग अमेरिकेपेक्षा जवळचा वाटावा. तिथलीही मुलं घरी एक भाषा बोलतात आणि विज्ञान दुसऱ्या भाषेत शिकतात.

यंत्र वाक्य वाचतं कसं

मुलांचं लेखन संगणकानं तपासण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एलिस पेज यांचा, १९६६ मधला. त्यांची प्रणाली निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हं अशा वरवरच्या खुणांवरून गुण देई, आणि ते गुण माणसांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत. विज्ञानाच्या छोट्या उत्तरांसाठी अमेरिकेतल्या ईटीएस या परीक्षा संस्थेनं 'सी-रेटर' तयार केला; तो शब्द मोजण्याऐवजी अपेक्षित कल्पना उत्तरात आली का हे पाहू लागला. २०१८ नंतर मोठ्या लेखनसाठ्यांवर शिकलेली भाषा-प्रारूपं आली आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटीसारख्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. आता शेकडो नमुने तपासून न देता, नुसते निकष सांगूनही यंत्राकडून वर्गीकरण करून घेता येतं.

विश्वासार्हतेचं माप मात्र जुनंच राहिलं. दोन माणसं तीच टिपणं स्वतंत्रपणे तपासतात आणि त्यांचं किती जुळतं ते काढतात. योगायोगानं जुळलेला भाग वजा करण्यासाठी १९६० मधला कोहेन यांचा 'कप्पा' हा निर्देशांक वापरतात. यंत्र माणसाशी जवळपास तितकंच जुळलं तर ते चांगलं मानतात. म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा माणसांच्या एकमताइतकीच. खानापूरच्या आणि निपाणीच्या बाई एकाच वाक्याला एक तुलना म्हणतील आणि दुसऱ्या अनुमान, तर यंत्र कुणाचं ऐकणार?

आणखी एक इशारा एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांनी दिला. २०१४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर निरर्थक, पण भारदस्त निबंध जुळवणारा प्रोग्रॅम तयार केला आणि यंत्र-तपासणीत त्या निबंधांना वरचे गुण मिळाले. निबंधापेक्षा टिपण छोटं असतं, म्हणून तिथं फसवणूक अवघड, असं म्हणता येईल. पण 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' हे शब्द घातले की अनुमान धरलं जातं, हे मुलांना कळायला फार वेळ लागत नाही. तसं झालं तर जुन्या पाठांतराच्या जागी नवं पाठांतर येईल.

मतांचे प्रवाह

या तपासणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. मुलाला टिपणावर प्रतिसाद हवा तो त्या क्षणी. पंधरा दिवसांनी वहीवर आलेल्या लाल खुणेचा त्याच्या पाहण्यावर काही परिणाम होत नाही. गर्दीच्या वर्गात शिक्षक हे करू शकत नाही आणि यंत्र करू शकतं. शिवाय गुण न देता, कोणत्या मुलाला कुठं हात द्यायचा हे शिक्षकाला दाखवायचं, एवढ्यापुरताच वापर असेल तर चुकीची किंमतही थोडी. हे म्हणणं मला पटतं. फक्त एक धोका राहतो: मदतीसाठी आणलेली आकडेवारी शाळेत फार काळ मदत म्हणून राहत नाही, तिचे गुण होतात.

दुसरं म्हणणं असं, की वाक्य सोडा आणि कृती पाहा. रटगर्स विद्यापीठाच्या जॅनिस गोबर्ट यांच्या 'इंक-आयटीएस' या प्रणालीत मुलं आभासी प्रयोग करतात आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीवरून चौकशीची कौशल्यं तपासली जातात. त्यांच्या कामातून दिसलं, की काही मुलं प्रयोग नीट रचतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात, पण लिहिताना अडखळतात. उलट काही मुलं सफाईनं लिहितात आणि प्रयोगात मात्र वाट्टेल ते बदलत सुटतात. नुसतं लेखन तपासलं तर दोघांवरही अन्याय होतो. सीमाभागातल्या मुलांसाठी हा निष्कर्ष अतिशय मोलाचा आहे. पण कृतीचा पुरावाही स्वयंपूर्ण नाही. मुलानं तापमान तीनदा मोजलं ते शंका आली म्हणून, की बटण दाबायला मजा वाटली म्हणून, हे हालचालीवरून कळत नाही. ते विचारावंच लागतं आणि विचारलं की भाषा पुन्हा येतेच.

तिसरा आक्षेप मुळावरचा आहे. खेळातलं जग कुणीतरी रचलेलं असतं. माइनक्राफ्टमध्ये झाडाचं खोड तळाशी तोडलं तरी वरचा भाग हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी खाली पडते, माती पडत नाही. पाण्याचे दोन स्रोत नीट जुळवले की पाणी कधी संपतच नाही. दिवस-रात्रीचं चक्र वीस मिनिटांत पुरं होतं. मूल हे पाहून जे टिपेल ते निरीक्षण म्हणून अचूक असेल आणि निसर्गाबद्दल साफ चूक. आक्षेप घेणारे विचारतात: बेळगाव जिल्ह्यासारख्या ठिकाणी हे लागतंच कशाला? कणकुंबी-जांबोटीकडे कोसळणारा पाऊस आणि अथणीकडचं कोरडं शिवार एकाच जिल्ह्यात आहे, पश्चिमेला तांबडी माती आणि पूर्वेला काळी. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, भीमगडच्या अभयारण्यात बारापेडेच्या गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ हे जगातलं अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ राहतं. निरीक्षणाला इतकं सगळं दाराशी असताना मुलाला पडद्यासमोर का बसवायचं?

यावर खेळाच्या बाजूचं उत्तरही वजनदार आहे. चंद्र नसलेली पृथ्वी कोणत्याही सहलीत दिसणार नाही. तुलना करायला दुसरं जग लागतं आणि ते खेळच देतो. मग मुलाला आपल्या जगातली भरती, चांदणं, ऋतू नव्यानं दिसू शकतात. पण खेळात शिकलेलं पाहणं शिवारात किती उतरतं, यावर दोन्ही बाजूंकडे अजून पुरेसा पुरावा नाही. माझ्या मते या वादातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे आणि ती भरून काढायला एआयची गरजही नाही. तीच मुलं खेळात काय टिपतात आणि ओढ्याकाठी काय टिपतात, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं तरी पुष्कळ कळेल.

सीमेवरची मराठी आणि यंत्राची मराठी

समजा, निपाणीजवळच्या शाळेतल्या मुलीनं चंद्र नसलेल्या पृथ्वीवर टिपलं: 'वारं लै सुटलंय म्हणून झाडं वाढंनात. आमच्याकडं रातीला चांदणं असतंय, हितं नुसता अंधार.' या दोन ओळींत वर्णन आहे, तुलना आहे आणि कारणाचा अंदाजही आहे. प्रमाण मराठीत लिहिलेल्या 'येथे वारा खूप आहे' या बिनचूक वाक्यापेक्षा विज्ञान म्हणून ते कितीतरी पुढचं आहे. प्रश्न एवढाच, की यंत्राला ते दिसेल का.

मराठीसाठी साधनं आता नाहीत असं नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं २०२२ मध्ये 'महाकॉर्पस' जाहीर केला. सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा हा साठा आणि त्यावर शिकवलेलं 'महाबर्ट' मराठीच्या संगणकी अभ्यासाला मोठा आधार आहे. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतनं २२ अनुसूचित भाषांसाठी भाषांतराची प्रारूपं दिली, आणि सरकारचा 'भाषिणी' उपक्रमही २०२२ पासून आहे. पण असे साठे मुख्यतः संकेतस्थळांवरच्या, बऱ्याचदा बातम्यांच्या मराठीवर पोसलेले असतात. 'वाढंनात', 'असतंय', 'करायलाय' ही रूपं त्यात क्वचित येतात. त्यातच बेळगावच्या मुलाच्या बोलण्यात कन्नड शब्द सहज मिसळतात आणि टंकताना पुष्कळ मुलं मराठी रोमन अक्षरांत लिहितात. भर म्हणजे बहुतेक मोठी भाषा-प्रारूपं इंग्रजीच्या तुलनेत देवनागरी मजकुराचे जास्त बारीक तुकडे पाडतात, हे २०२३ मधल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. तेवढा खर्च वाढतो.

परिभाषेचाही एक पेच आहे. कर्नाटकातल्या मराठी माध्यमाची मुलं कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची, मराठीत आणलेली पुस्तकं वाचतात. महाराष्ट्रातली मुलं बालभारतीची. महाराष्ट्रातल्या उत्तरांवर शिकवलेलं यंत्र बेळगावात आणलं, तर तिथल्या पुस्तकातला बरोबर शब्दही त्याला परका वाटू शकतो.

यावर तीन मार्ग सुचवले जातात. एक, टिपणाचं इंग्रजीत भाषांतर करून तपासायचं. हा मार्ग स्वस्त आहे आणि त्यातला धोका लपलेला आहे: सध्याची भाषांतर-यंत्रं तुटक वाक्य सांधून देतात. मुलीनं न लिहिलेला कार्यकारणभाव इंग्रजीत उगवू शकतो, किंवा लिहिलेला गळू शकतो. गुण मग भाषांतराला मिळतात. दुसरा मार्ग टंकण्याऐवजी बोलण्याचा. लहान मुलांसाठी तो सर्वांत मोकळा. पण मुलांचा आवाज, वर्गातला गोंगाट आणि बोलीचे उच्चार या तिन्हींशी ध्वनी ओळखणाऱ्या प्रणालींना झगडावं लागतं. तिसरा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो आणि तोच सर्वांत कष्टाचा आहे. इथल्याच मुलांची टिपणं त्यांच्याच बोलीत गोळा करायची, इथल्याच शिक्षकांनी ती तपासायची आणि यंत्राला त्यावर पारखायचं.

भाषेचा हा पक्षपात नुसती शंका नाही. ईटीएसच्या स्वतःच्या अभ्यासात, त्यांची निबंध-तपासणी प्रणाली काही देशांतल्या आणि समाजगटांतल्या परीक्षार्थींना माणसांपेक्षा वेगळे गुण देते, असं आढळलं होतं. कुठं जास्त, कुठं कमी. सरासरी जुळली तरी एखाद्या गटावर अन्याय होऊ शकतो. जिल्ह्याचा सरासरी कप्पा चांगला आला म्हणून खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मुलाची टिपणं नीट वाचली गेली असं होत नाही. प्रत्येक बोलीसाठी, प्रत्येक माध्यमासाठी जुळणी वेगळी काढून पाहावी लागेल.

कायदा आणि मुलाच्या नोंदी

खेळ मुलाची प्रत्येक हालचाल साठवतो. त्यामुळे हा विषय गुणांपाशी थांबत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यानं शिक्षणातले निकाल ठरवणाऱ्या प्रणाली 'उच्च जोखमी'च्या यादीत घातल्या. शाळांत मुलांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर तर, वैद्यकीय आणि सुरक्षेचे अपवाद सोडून, बंदीच घातली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. २०२५ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या कामापुरती सवलत दिली. ही सवलत शाळेपुरती की शाळेसाठी खेळ चालवणाऱ्या कंपनीलाही, हा कळीचा मुद्दा व्यवहारात तपासला जायचा आहे.

सीमाप्रश्नाचा वाद या लेखाचा विषय नाही. पण राज्यघटनेचं ३५०-अ हे कलम इथं लागू पडतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचं राज्यांवर सोपवतं. शिक्षण मातृभाषेतून आणि तपासणी मात्र तिला न ओळखणाऱ्या यंत्राकडून, असं झालं तर त्या सोयीचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न बेळगावातल्या मराठी मुलाइतकाच महाराष्ट्रातल्या जतच्या कन्नड मुलाचाही आहे.

अजून न सुटलेलं

यंत्र निरीक्षणाचे प्रकार ओळखू शकतं, निदान इंग्रजीत, हे आता मान्य होत चाललं आहे. ज्यावर एकमत नाही ते यापुढचं. अनुमान हे वर्णनापेक्षा नेहमीच वरचं का मानायचं? शंभर अचूक वर्णनं करणारं मूल घाईनं एक कारण सांगणाऱ्या मुलापेक्षा चांगलं निरीक्षक असू शकतं. निसर्ग-अभ्यासाचा इतिहास तर अशाच चिकाटीच्या वर्णनांवर उभा आहे. प्रकारांची ही उतरंड तपासणी सोपी व्हावी म्हणून आलीय की विज्ञान तसं चालतं म्हणून, यावर आणखी वाद व्हायला हवा.

निरीक्षणाचं खरं-खोटं ठरवण्याची बाजूही अर्धवट आहे. 'इथं वारा खूप आहे' हे टिपण वाक्य म्हणून ठीक. पण मूल त्या वेळी बंद गुहेत उभं असेल तर? खेळाला मुलाची जागा, मोजलेलं तापमान, समोरची दृश्यं सगळं माहीत असतं. ती माहिती आणि वाक्य एकत्र वाचणारी तपासणी हेच या क्षेत्राचं पुढचं पाऊल असायला हवं. भाषेचा पक्षपात कमी होण्याची मोठी आशाही मला तिथंच दिसते, कारण 'वारं लै सुटलंय' हे वाक्य न कळलं तरी मूल वाऱ्यात उभं आहे हे यंत्राला कळतं.

सीमाभागापुरतं बोलायचं तर सुरुवातीला खेळाचीही गरज नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या तालुक्यांतल्या काही शाळांनी एफएच्या निमित्तानं मुलांची निरीक्षणं त्यांच्या शब्दांत, प्रमाण भाषेचा आग्रह न धरता, लिहून घ्यावीत. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या दोन शिक्षकांनी ती एकमेकांचं न पाहता तपासावीत. त्यांचं कुठं जुळतं आणि कुठं नाही, हे आधी समोर येऊ द्यावं. असा साठा, मुलांची ओळख काढून टाकून, मराठी भाषा-प्रारूपांवर काम करणाऱ्यांना आणि इथल्या महाविद्यालयांना देता येईल. त्याची मालकी कुणाची, शिक्षकांच्या कामाचा मोबदला कोण देणार आणि पालकांची संमती कोणत्या भाषेत घेणार, हे मात्र पहिलं टिपण गोळा करण्याआधी लेखी ठरायला हवं.